तंबाखूच्या खळीत लाभपाचम

दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्याला मदतीला घेऊ नये, हे शहाणपण मधुबेनना लग्नाला चाळीसएक वर्षं झाल्यावर सुचलं. आधी सुचलं असतं तर रुपापुरा गावात कलाकेंद्र झालं नसतं, भायलालचे पंखे लेस्टरमधून निघाले नसते आणि तलाठ्याच्या नाकाला सूज आली नसती. पण त्या दिवशी त्या सहज म्हणाल्या, "अहो, ऐकलं का? पलंगाखालच्या त्या ट्रंका एकदाच्या हलवा. त्यांच्या आड झुरळांच्या पिढ्या नांदतायत."

ठाकोरभाई वाकले आणि त्यांनी पहिली ट्रंक ओढली. इथे दुसऱ्या कोणी ती उचलून माळ्यावर ठेवली असती आणि हात धुऊन दिवाळीच्या कुरकुरीत मठिया खायला बसला असता. ठाकोरभाईंनी ती उघडली. चित्रकलेच्या मास्तरने ट्रंक उघडणं आणि दारू सुटलेल्याने बाटलीचा वास घेणं यात फारसा फरक नाही. दिवेलागणीला मधुबेन खोलीत आल्या तेव्हा नवरा जमिनीवर बसला होता आणि त्याच्याभोवती चित्रंच चित्रं पसरली होती. झुरळं होती तिथेच होती.

ठाकोरभाई आयुष्यभर शेजारच्या गावच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवत होते. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असे. प्रत्यक्षात जनगणना, पोलिओचे डोस आणि गणिताच्या मास्तरांच्या रजा यांतून जो वेळ उरे त्यात ते चित्रकला शिकवत. दर वर्षी पहिल्या दिवशी ते एकच विषय देत: 'माझं गाव'. इतर ठिकाणची पोरं या विषयावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक नदी काढून मोकळी होतात. गुजरातेतल्या या चरोतर भागात डोंगर नाही. जमीन अशी सपाट की कोणी शेजाऱ्याच्या शेतात चोरून वांगी तोडली तर ते तीन गावांतून दिसतं. तेव्हा रुपापुऱ्याची पोरं गावातली सगळ्यांत मोठी वस्तू काढत. ती म्हणजे पटेलांची तंबाखूची खळी: शेताच्या मधोमध वाळवणाचं पटांगण आणि त्यामागे लांबच लांब कौलारू कोठार. आणि खळी काढली की तिच्या दाराशी खाटेवर बसलेला मिशीवाला माणूसही काढावाच लागे. काही चित्रांत तो खळीपेक्षा मोठा होता. हा माणूस म्हणजे ठाकोरभाईंचे थोरले बंधू हरमानभाई, ज्यांना घरात आणि गावात सगळेच मोटाभाई म्हणत.

खळी बंद होऊन आता बरीच वर्षं झाली होती. मोटाभाईंची मुलं न्यू जर्सीत मोटेल चालवत होती आणि त्यांना बिडीच्या तंबाखूत रस नव्हता. मोटाभाईंनी एक दिवस स्वतःच्या हाताने कुलूप लावलं, किल्ली मधुबेनकडे दिली आणि त्यानंतर त्या वाटेला गेले नाहीत. देवळात जायचं तरी ते लांबचा वळसा घेऊन जात. बाकीचा वेळ ते ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसत, तेही भिंतीकडे तोंड करून, कारण दुसऱ्या बाजूने खळीचं कौल दिसे. हे पाहून ठाकोरभाईंच्या पोटात तुटे. पण पोटातलं ओठावर आणायची त्या घरात रीत नव्हती.

"मधु," ठाकोरभाई चित्रांच्या पसाऱ्यातून म्हणाले, "ही सगळी खळीतच लावली तर?"

"मी ट्रंका हलवा म्हटलं," मधुबेन म्हणाल्या, "डोकं हलवा असं नव्हतं म्हटलं."

पण ते हललं होतं. रात्री जेवताना खळीत चित्रं लागली, सकाळी चहाला तिथे पोरांचे वर्ग सुरू झाले आणि दुपारी आंघोळीच्या वेळी त्याचं 'कलाकेंद्र' झालं. उद्घाटनाचा दिवा मोटाभाईंनीच लावायचा, हेही ठरलं. फक्त मोटाभाईंना विचारायचं राहिलं होतं.

आता विचारायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. या दोन भावांत भांडण कधीच नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. थोरल्याने सांगायचं आणि धाकट्याने ऐकायचं अशी वडिलांच्या वेळची पद्धत होती. खळी बंद झाल्यावर थोरल्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि तेव्हापासून दोघे एकमेकांशी मधुबेनमार्फत बोलत. लग्नानंतर पंधरा वर्षं मधुबेननी या थोरल्या दिरांसमोर पदर नाकापर्यंत ओढून तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आता त्याच दोन भावांमधलं टपालखातं झाल्या होत्या.

ठाकोरभाई झोपाळ्यासमोर उभे राहिले आणि स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले, "मधु, मोटाभाईंना सांग, खळी नुसती पडून आहे. म्हटलं साफ करून तिथे पोरांची चित्रं लावावी."

मोटाभाईंनी पायाच्या अंगठ्याने झोपाळा थांबवला. "मधुवहू, त्याला सांग, शेत त्याचंही आहे. चित्रं लाव म्हणावं, नाहीतर लोणची घाल. आणि हेही सांग, मी तिकडे पाय ठेवणार नाही."

मधुबेन आतून मठिया तळता तळता म्हणाल्या, "दोघांचंही पोचलं."

झोपाळा पुन्हा सुरू झाला. ठाकोरभाईंनी यातली पहिली दोन वाक्यं होकार म्हणून घेतली आणि तिसरं पुढे बघू म्हणून ठेवून दिलं.

बातमी फुटली तसे सल्लागार जमले. सगळ्यांत आधी शेजारचे शनाभाई. ते दूधमंडळीत, म्हणजे गावच्या दूध सोसायटीत, फॅट तपासण्याच्या कामावरून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट त्याच मापाने मोजत. "ठाकोरभाई, कल्पना चांगली आहे, पण फॅट नाही यात," ते म्हणाले. "मी सांगतो तसं करा. पार्टी प्लॉट काढा. लग्नं लावा. एका कोपऱ्यात तुमची कला ठेवा, वऱ्हाडी जेवून झाल्यावर बघतील." पुढे जो भेटे तो पार्टी प्लॉटच सुचवे. एकाने तर स्वतःच्या मुलीचं लग्नही नोंदवून टाकलं.

पण ठाकोरभाईंनी बडोद्याहून एक वास्तुविशारद मुलगी बोलावली होती. तिचं नाव ऋत्वी. तिने आधी शेतातली वेडी बाभूळ काढून घेतली, विहिरीचा काठ बांधून घेतला आणि जुनी कौलं एकेक पारखून परत चढवली. काम तिचं चोख होतं. मग ती कोठारात शिरली, भिंतींवरून हात फिरवला आणि डोळे मिटून म्हणाली, "काका, या भिंतींना काहीही करायचं नाही. चुना नाही, रंग नाही. या भिंतींना बोलू द्या." एवढं बोलून ती जी शिंकायला लागली ती तिला धरून विहिरीपाशी आणावी लागली.

ज्या कोठारात इतकी वर्षं तंबाखू झोडली, चाळली आणि भरली, त्याच्या भिंतीत, वाशांत, कौलांच्या फटींत भुकटीच भुकटी होती. बाहेरच्या माणसाला आत चार पावलं टाकली की शिंक आलीच. ठाकोरभाईंना तर दारातच येई. लहानपणापासून त्यांची आणि खळीची ओळख नाकावाटेच होती. "धूळ आहे, बसेल," ऋत्वी नाक पुसत म्हणाली. कलेसाठी माणसाला काय काय सोसावं लागतं यावर ठाकोरभाईंनी तिला दोन शब्द सांगितले, पण तेही तीन हप्त्यांत.

शनाभाई म्हणाले, "धुऊन टाका. पंप लावा बोअरला आणि मारा फवारा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ठाकोरभाईंनी पंप लावला. भिंतींनी पाणी प्यायलं, क्षणभर विचार केला आणि मग त्यांच्यातून कडक चहाच्या रंगाचा रस पाझरायला लागला तो पुढे किती दिवस थांबेना. चित्रांमागे लावायला आणलेली पांढरीशुभ्र खादी एका रात्रीत काषायवस्त्र झाली. दाराबाहेर ओघळलेलं पाणी बांधावरून शेजारच्या शेतात गेलं आणि तिथे बांधलेली म्हैस ते प्यायली. ती दुपारभर एकाच जागी गोल फिरत होती आणि संध्याकाळी दूध काढताना तिने अशी शिंक दिली की बादली आणि बादलीवाली दोघी कडब्यात गेल्या. म्हैस शनाभाईंची होती आणि बादलीवाली त्यांची बायको. त्यानंतर आठवडाभर शनाभाईंनी कोणाला सल्ला दिला नाही, हा या प्रकल्पाचा गावाला झालेला पहिला फायदा.

मधुबेन पाझरत्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "एवढा चहा उतरतोच आहे तर दूध-साखर आणू का?" ठाकोरभाईंनी खादी पिळायला घेतली. काही माणसांना कलेचं मर्म कळत नाही, आणि ती नेमकी आपल्या घरात असतात.

मग तलाठी आले. जागा कागदोपत्री तंबाखूचं कोठार होती आणि आता तिथे तंबाखू नाही, असा दाखला त्यांनी पाहणी करून द्यायचा होता. तलाठी सज्जन होते, पण पराकोटीचे शकुनवादी. कचेरीत मांजर आडवं गेलं तर ते सही उद्यावर टाकत. ते कोठारात उभे राहिले, चारी कोपरे पाहिले, 'सदर जागेत तंबाखू नाही' असं लिहिलं आणि सहीसाठी पेन टेकवणार तोच शिंकले.

"शिंक झाली," ते हळहळून म्हणाले. "आता नाही करता येणार, मास्तर. थोडं बसू." ते बसले, पाणी प्यायले, देवाचं नाव घेतलं, पेन उचललं आणि शिंकले. ठाकोरभाईंनी मठियांची ताटली पुढे केली. तलाठ्यांनी चार मठिया खाल्ल्या आणि पाचवी तोंडात असताना असे शिंकले की सगळा कागद मठियामय झाला.

"साहेब, बाहेर येऊन करा ना सही," ठाकोरभाई म्हणाले.

"पाहणीच्या जागी करायची असते सही. नियम आहे," तलाठी सुजलेल्या नाकातून म्हणाले. "आणि मला एक सांगा, इथे तंबाखू नाही तर मी शिंकतोय कशाने?"

तलाठी तीनदा आले आणि तीनदा शिंकून गेले. शेवटी मधुबेनच त्यांना म्हणाल्या, "साहेब, खळीत कडूलिंबही येतो ना? मग तो पण पाहणीची जागाच झाला." तलाठ्यांनी पटांगणातल्या कडूलिंबाखाली एका दमात सही ठोकली आणि मागे वळून न बघता गेले.

आता ठाकोरभाईंच्या मामाच्या मुलाकडे वळायला हवं. भायलाल लेस्टरला स्थायिक होता आणि त्याच्याकडे दानत आणि आवाज दोन्ही भरपूर होतं. गावच्या देवळाची पायरी, स्मशानातला बाक आणि दवाखान्यातला पाण्याचा माठ यांवर त्याच्या आईचं नाव होतं. कलाकेंद्राचं ऐकताच त्याने फोनवरून विचारलं, "आईचं नाव कुठे बसेल?"

"भिंतींना हात लावायचा नाही असं ठरलंय," ठाकोरभाई म्हणाले.

"मग वर बसवू," भायलाल म्हणाला, आणि लांबलचक पात्यांचे, गोदामात लावतात तसले पंखे पाठवून दिले. प्रत्येक पात्यावर 'स्व. डाहीबांच्या स्मरणार्थ' असं रंगवलेलं होतं. नाकापेक्षा मोती जड, तसे ते पंखे वाशांपेक्षा जड होते. ऋत्वीने कपाळाला हात लावला, मग लोखंडी तुळया घातल्या. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, ही गोष्ट भायलालच्या फार उशिरा लक्षात आली, आणि म्हणून उद्घाटनाच्या दिवसापर्यंत पंखे सुरू करायचे नाहीत अशी त्याने अट घातली. आधी सगळ्यांनी नाव वाचायचं, मग तो स्वतः बटण दाबणार होता.

पुढच्या दिवाळीनंतरच्या लाभपाचमीला, नव्या कामाच्या शुभारंभाच्या दिवशी, उद्घाटन ठरलं. पत्रिका छापायच्या वेळी ठाकोरभाई अडले. 'दीपप्रज्वलन' या शब्दापुढे मोटाभाईंचं नाव घालावं तर ते आले नाहीत म्हणजे शोभा. न घालावं तर त्यांच्याशिवाय दुसरं नाव हाताला लिहवेना. पुष्कळ खाडाखोड करून त्यांनी छापलं, 'दीपप्रज्वलन: घरच्या वडीलधाऱ्यांच्या हस्ते'. रुपापुऱ्यात सगळे पटेल एकमेकांचे घरचेच. पत्रिका वाटल्यावर गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने धोतराला इस्त्री करायला टाकली.

झोपाळ्यावर मधुबेननी नेऊन दिलेली पत्रिका मोटाभाईंनी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि गादीखाली सरकवली. "वाचलं म्हणून सांग," एवढंच म्हणाले.

लाभपाचमीच्या सकाळी ठाकोरभाई नवी बंडी घालून ओसरीवर उगाच घुटमळले. चपला शोधल्या, त्या पायातच होत्या. शेवटी पंचांगातले दीड-दीड तासाचे शुभ-अशुभ मुहूर्त मनाशी मोजून तुळशीकडे बघत म्हणाले, "मधु, मोटाभाईंना सांग, लाभाचा चोघडिया सुरू होतोय. त्यानंतर अमृताचा आहे. मग काळ."

"सांग त्याला, ऐकलं," मोटाभाई भिंतीला म्हणाले.

ठाकोरभाई एकटेच शेताकडे चालत गेले. रस्ता ओळखीचा होता, पण त्या दिवशी तो त्यांना फार लांब वाटला. इतका खटाटोप कोणासाठी केला, हे त्या रस्त्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

खळीत मात्र गर्दी लोटली होती. पुढच्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी, तिच्या पाठीवर स्वच्छ नॅपकिन. कलेक्टरसाहेब येणार अशी कुजबूज होती. शनाभाई तिच्यावर बसायला दोनदा वाकले आणि मागून येऊन पोचलेल्या मधुबेननी दोनदा नुसतं पाहिलं. समईपाशी इस्त्रीच्या धोतरातले वडीलधारे रांग लावून उभे होते आणि रांगेत पुढे कोण यावरून खालच्या आवाजात एकमेकांची वयं काढत होते. लाभाचा चोघडिया पुढे सरकत होता. ठाकोरभाई दाराकडे बघत होते.

"चला, आता कोणाची वाट बघायची?" भायलाल म्हणाला. त्याने माइक घेतला, सगळ्यांकडून आईचं नाव मोठ्याने वाचून घेतलं, आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. सुरुवातीला छान गार वाटलं. लोकांनी माना वर केल्या, आणि तेवढ्यात पोटमाळा, वासे, कौलं यांत इतकी वर्षं निवांत पडलेली सगळी भुकटी एकदम खाली आली.

पहिली शिंक पौरोहित्याला बोलावलेल्या गोर महाराजांना आली, तीही 'शुभं करोति'च्या शुभंवर. मग सगळ्या सभेत वणवा लागला. वडीलधारे शिंकले, त्यांच्या कवळ्या हातात आल्या. ऋत्वी खांबाला धरून शिंकत होती. भायलालच्या माइकमधून शिंक गेली ती पार बसथांब्यापर्यंत ऐकू आली. एक शिंक म्हणजे थांब, दोन म्हणजे खुशाल चाल, असं शास्त्र आहे. पण दोनशे माणसं शिंकायला लागली की हिशोब कोण ठेवणार? शनाभाईंनी ठेवला. गोर महाराज काडी ओढत, कोणीतरी शिंके, आणि शनाभाई हात वर करून ओरडत, "विषम! विषम झाली! थांबा!" लाभाचा चोघडिया गेला. अमृतही चाललं. निम्मी सभा तोंडाला पदर आणि रुमाल लावून गावाकडे पळाली. ठाकोरभाईंच्या नव्या बंडीचा रंग भिंतींसारखा झाला होता. त्यांनी लिहून आणलेलं भाषण खिशात होतं, 'कला ही समाजाचा श्वास आहे' या वाक्याने सुरू होणारं.

ते तिथेच समईपाशी बसले. कुठे माशी शिंकली, असं आपण म्हणतो. इथे माशी सोडून सगळे शिंकले होते. पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना त्या रिकाम्या खुर्चीचं वाटत होतं.

"पंखे कोणी लावले?"

दारात मोटाभाई उभे होते. हातात काठी, डोक्यावर टोपी. शिंकत पळणारी अर्धी सभा त्यांच्या झोपाळ्यासमोरून गेली होती, आणि तंबाखूच्या कोठारात कोणत्या गाढवपणाने एवढ्या शिंका येतात हे त्यांना बसल्या जागी कळलं होतं. बाकी सगळं त्यांनी सहन केलं असतं. खळीत केलेला मूर्खपणा त्यांच्याने सहन होईना.

"मी," भायलाल खालच्या आवाजात म्हणाला. "आईच्या स्मरणार्थ."

"मामी असती तर तिने तुलाच त्या पात्याला बांधलं असतं. बंद कर."

पंखे हळूहळू थांबले आणि डाहीबांचं नाव पुन्हा वाचता येऊ लागलं. मोटाभाई त्या धुरळ्यातून सरळ चालत आत आले. टोपीवर, मिशीवर भुकटी बसत होती, पण नाक हललं नाही. खळीतल्या माणसाला शिंक येत नाही, हे मागे राहिलेले म्हातारे एकमेकांना कौतुकाने सांगू लागले.

मग मोटाभाई भिंतीपाशी गेले. जिथे पोत्यांची थप्पी लागे, तिथे आता या टोकापासून त्या टोकापर्यंत चित्रं होती. निळी खळी, लाल खळी, वाकडी खळी, आणि प्रत्येक खळीच्या दाराशी ते स्वतः. काठी टेकत ते एकेका चित्रापुढे थांबू लागले.

"मधुवहू, त्याला विचार," ते न वळता म्हणाले, "ही एवढी मिशी कोणी काढली?"

"मधु, सांग, पूनमच्या मुलीने. आता सुरतेला डॉक्टर आहे ती."

"एवढी नव्हती."

"होती, मोटाभाई," मधुबेन स्वतःच्या जबाबदारीवर म्हणाल्या.

मोटाभाई पुढे सरकले. शेवटच्या चित्रापाशी ते बराच वेळ उभे राहिले. मग कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, "सगळ्यांनी दार उघडंच काढलंय."

ठाकोरभाईंच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. ज्याने दार बंद केलं त्याला ते आधी दिसलं.

मोटाभाई समईपाशी आले. वडीलधाऱ्यांची रांग आपोआप फाटली. ऋत्वीने काडेपेटी पुढे केली. मोटाभाईंनी काडी ओढली, ज्योत वातीकडे नेली, आणि शिंकले. शिंक अगदी बारीक होती, काडी तेवढी विझली.

कोणी हसलं नाही. मोटाभाईंनी विझलेल्या काडीकडे पाहिलं, मग नाकाला हात लावून पाहिला, जणू ते दुसऱ्याच कोणाचं होतं.

"ठाकोर," ते म्हणाले, "मला शिंक आली."

किती वर्षांनी त्या तोंडून आपलं नाव सरळ आपल्यालाच ऐकू आलं! ठाकोरभाई उठून उभे राहिले. त्या शिंकेत काय होतं ते इतर कोणाला कळलं नसेल, त्यांना कळलं. आयुष्यभर ज्या नाकाने ही भुकटी पचवली, ते नाक खळीला विसरलं होतं. मोटाभाई आता इथे बाहेरचे झाले होते, आणि ते त्यांना एवढ्या लोकांसमोर, हातात काडी असताना समजलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर वाट चुकलेल्या पोरासारखी भीती होती.

"एक शिंक झाली," गोर महाराज घसा खाकरून म्हणाले. "आता कोणाचीतरी दुसरी व्हायला हवी. जोडी झाली की दोष नाही."

सगळे तयारीला लागले. शनाभाईंनी दाराबाहेर जाऊन सूर्याकडे डोळे लावले. भायलालने रुमालाची वात करून नाकात घातली. वडीलधाऱ्यांनी जोरजोरात श्वास ओढले. पण पंखे थांबले होते, भुकटी बसली होती, आणि घटकाभरापूर्वी ज्या सभेला शिंका आवरत नव्हत्या तिला आता एक शिंक निघेना. ठाकोरभाईंनी सगळ्यांत जास्त प्रयत्न केला. भिंतीला नाक लावलं, खादीचा पडदा हुंगला. शिंक आली नाही. डोळ्यांत पाणी मात्र आलं, आणि ते भुकटीने आलं असं त्यांनी नंतर मधुबेनना सांगितलं.

मोटाभाई भिंतीला नाक लावून उभ्या असलेल्या आपल्या निवृत्त भावाकडे पाहत होते. त्यांची मिशी हलायला लागली. मग खांदे हलले. मोटाभाई हसत होते.

"अरे, या दाराशी शिंकून शिंकून बापाच्या शिव्या खाल्ल्यास," ते म्हणाले, "खळीच्या कामाचा नाही म्हणून तुला शाळेत घातला. आणि आज भावाला एक उसनी देता येत नाही तुला?" त्यांनी दुसरी काडी काढली.

"मोटाभाई, काळ लागला," गोर महाराज घाईने म्हणाले. "चोघडिया काळाचा आहे."

"असू दे. काळ माझ्या ओळखीचा आहे. आम्ही दोघं घरी समोरासमोरच बसतो," मोटाभाई म्हणाले, आणि त्यांनी समई लावली. एक, मग दुसरी, मग पाचही वाती.

टाळ्या झाल्या. एवढं उभं राहायची सवय सुटल्यामुळे मोटाभाई आता काठीवर भार टाकून टेकायला जागा शोधत होते. ठाकोरभाईंच्या ते लक्षात आलं आणि सवयीने ते वळले. "मधु, मोटाभाईंना सांग—"

"माझा घसा बसलाय," मधुबेन म्हणाल्या. "शिंकून."

ठाकोरभाईंनी बंडी चाचपली. खिशातलं भाषण कामाचं नव्हतं.

"मोटाभाई," ते म्हणाले. "बसा ना."

मोटाभाई नॅपकिनच्या खुर्चीवर बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली, मिशीवरची भुकटी झटकली. ठाकोरभाई नव्या बंडीचा विचार न करता खाली त्यांच्या पायाशीच बसले.

"हं, सांग आता," मोटाभाई भिंतीकडे बोट करून म्हणाले. "ते पहिलं कोणाचं?"